शेवटची सही कुणाची

आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे, तांदळाच्या डब्याला टेकून. आई अंगणवाडी सेविकांच्या युनियनमध्ये होती, अजूनही आहे, आणि मोर्चाच्या आधीच्या आठवड्यात नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांत जेवायला बसायलाही जागा उरत नसे. उरलेल्या पत्रकांची माझ्या वह्यांना कव्हरं व्हायची. भूगोलाच्या वहीवर पिवळा निषेध, इतिहासाच्या वहीवर गुलाबी जाहीर सभा. अक्षरं मी त्याच कागदांवर शिकले, त्यामुळे कितीतरी दिवस माझी समजूत अशी होती की वाक्य संपलं की तीन उद्गारचिन्हं द्यायची आणि लेख संपला की मागण्या. 'माझा आवडता पक्षी' या निबंधाच्या शेवटी मी मोराच्या मागण्या लिहिल्या होत्या. बाईंनी त्या लाल शाईने खोडल्या. त्या मला आजही रास्त वाटतात.

हे सांगायचं कारण असं, की नोकरीला लागल्यावर मला जे तीन नियम शिकवले गेले ते मला नियम वाटलेच नाहीत. वाचताक्षणी मी म्हटलं, अरे, या तर मागण्या आहेत!

कॉलेज रोडला एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. एखाद्या कंपनीत, पतसंस्थेत, दवाखान्यात काम कसं पुढे सरकतं याचं आम्ही चित्र काढतो. अर्ज आला, कुणी पाहिला, कुणी सही केली, कुठून परत गेला. या चित्रावरून मग सॉफ्टवेअर बनतं. पण बनण्याआधी ते चित्र बरोबर आहे का हे तपासावं लागतं, आणि ते तपासणं माझं काम. नुसतं बघून 'बरं दिसतंय' म्हणायचं नाही, गणिताने सिद्ध करायचं.

ते गणित शाळेतल्या खेळासारखं आहे. चित्रात गोल असतात आणि चौकोन असतात, बाणांच्या रेघांनी जोडलेले. चौकोन म्हणजे एकेक काम. सुरुवातीच्या गोलात एक मणी ठेवायचा. ज्या चौकोनाकडे जेवढ्या गोलांतून बाण येतात त्या सगळ्यांत मणी असला, तरच ते काम होतं. ते मागचे मणी उचलतं आणि पुढच्या प्रत्येक गोलात एकेक ठेवतं. मग मशीन सगळ्या वाटा चालून बघतं. सगळ्या म्हणजे सगळ्या. कंटाळत नाही, 'असं कोण करतंय' म्हणून एखादी वाट सोडत नाही. आणि चित्र पास व्हायला तीन गोष्टी लागतात. मणी कुठेही असो, तिथून शेवटापर्यंत पोचायला वाट असलीच पाहिजे. शेवट झाला की मागे कुठेही मणी पडून राहता कामा नये. आणि चित्रात एकही काम असं नको जे कधीच कुणाच्या हातून होणार नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"छान आहेत," ती म्हणाली. "कुठल्या युनियनच्या?"

"कुठल्याच नाही. गणित आहे हे."

"मग मान्य कोण करणार?"

मला एवढा आनंद झाला होता की यावर उत्तर द्यायची गरजही वाटली नाही. सगळं लहानपण मी 'झालंच पाहिजे' ऐकत वाढले. झालंच पाहिजे हे सिद्ध करता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे वणी रोडवरच्या एका शेतकऱ्यांच्या कंपनीचं काम आलं. दिंडोरी सोडून पुढे गेलं की दोन गावं लागतात, एक ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. दोन्हीकडे द्राक्षबागा, आणि दोघांची मिळून एक कंपनी, एक पॅकहाउस, एक कोल्ड रूम. रजा हवी, क्रेट हवेत, काहीतरी दुरुस्त करायचंय, असे सगळे अर्ज आतापर्यंत कागदावर चालायचे. ते आता मोबाइलवर आणायचे होते. सीझन सुरू व्हायच्या आत.

मी जाऊन सगळ्यांशी बोलले. वरच्या गावाचे मुख्य संचालक म्हणजे आबा. स्वेटरवर मफलर, मफलरवर टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. खालच्या गावाचे अण्णा, त्यांच्या बोटात गाडीची चावी कायम गरगर फिरत असायची. या दोघांना मी वेगवेगळं भेटले, कारण शक्यतो ते एका खोलीत बसायचे नाहीत. भांडण असं काही नव्हतं. नुसतं बसायचे नाहीत.

"सगळ्यांचं झालं की मग माझी सही, पोरी," आबा म्हणाले. "शेवटची सही आपली. लिहून घे."

मी लिहून घेतलं.

"शेवटची सही आमची असते बरं का मॅडम," दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले. "आबांची झाल्याबिगर मी पेनाला हात लावत नाय. ते कंपनी काढली तवाच ठरलंय."

तेही मी लिहून घेतलं. मधे एक रात्र गेली होती, आणि दोघंही इतक्या खात्रीने बोलले होते की मला त्यात काही खटकलं नाही. दोघांचं बोलणं मी प्रामाणिकपणे चित्रात उतरवलं. आम्ही ते चाचणीसाठी मोबाइलवर चढवूनही टाकलं, आणि रीतसर तपासणी मात्र मागे राहिली, कारण सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, नेहमीच घाई असते.

ती तपासणी मी एका सकाळी लावली. बाहेर इतकी थंडी की चष्मेवाल्याच्या काचांवर धुकं साचलेलं. मशीनने क्षणभर विचार केला आणि पडदा लाल झाला. खाली वाट लिहून आली: अर्ज आला, स्टोअरने पाहिला, खर्चाचा अंदाज जोडला. पुढे काहीच नाही. एक मणी आबांच्या सहीच्या दारात, अण्णांची वाट बघत. एक मणी अण्णांच्या दारात, आबांची वाट बघत. कोंडी! पाठ्यपुस्तकात असते तशी, आखीव, सुंदर कोंडी!

मी खुर्चीतून उठून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक 'सापडली' असं काहीतरी. सरांच्या हातातला चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

"काय झालं? साप?"

"सर, कोंडी! खरीखुरी! कुठलाही अर्ज पुढे जाणारच नाही. एकही नाही. कधीच नाही!"

"मग एवढी खूश का आहेस?"

"सर, सिद्ध झालंय!"

त्यांनी शर्टाकडे बघितलं, मग पडद्याकडे. "हे बघ, शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय. मशीनचं काय, ते चिकित्सक असतं. तू लिही, मॉडेल तपासले, योग्य आढळले."

"पण योग्य आढळलं नाही."

"माणसं ॲडजस्ट करतात गं."

"सर, योग्य आढळलं नाही, आणि मी योग्य आढळलं असं लिहिणार नाही."

"आवाज खाली. खाली गिऱ्हाईक डोळे तपासतंय."

मी आवाज खाली घेतला, पण आतून नुसती फेसाळत होते. तेवढ्यात मला सुचलं की मोबाइलवरच्या चाचणीत एखादा अर्ज खरंच अडकलाय का ते बघावं. बघितलं. एकच अर्ज होता, बऱ्याच दिवसांपूर्वी टाकलेला, आणि तो अगदी त्याच जागी उभा होता. अर्ज पॅकिंगच्या बायांच्या मुकादमबाईने केला होता, जिला तिथे सगळे आक्का म्हणतात. मजकूर असा: कोल्ड रूमचे दार आतून उघडायचा खटका तुटला आहे, बसवून द्यावा.

माझं फेसाळणं तिथेच बसलं.

स्टोअर सांभाळणाऱ्या भाऊंना फोन लावला.

"खटक्याचं काय झालं?"

"हाय ना, सिस्टीममधी हाय."

"पण पुढे गेलाय का?"

"सिस्टीममधी गेला म्हंजे पुढंच गेला ना, मॅडम."

सगळ्यांना असंच वाटत होतं. आबांना वाटत होतं अण्णांकडे आहे, अण्णांना वाटत होतं आबांकडे आहे, आणि कुणी चौकशी करत नव्हतं, कारण मोबाइलवर 'प्रक्रिया सुरू आहे' असं हिरव्या अक्षरात दिसत होतं. ती हिरवी अक्षरं आमच्याच ऑफिसात लिहिलेली.

"मग कागदावर कसं चालायचं, भाऊ? तेव्हाही दोघांना शेवटचीच सही लागायची ना?"

भाऊ हसायला लागले. "तवा काय, दोन प्रती काढायचो. एकीवर आबा शेवटी, एकीवर अण्णा शेवटी. दोगांनी आपापली प्रत पायली की खूश. आता मोबाइलवर एकच प्रत हाय."

मी फोन ठेवला आणि सरांना म्हटलं, मी चालले. ते म्हणाले, कुठे? मी म्हटलं, प्रत्यक्ष. त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं, याचा अर्थ मी परवानगी असा घेतला.

दिंडोरी रोडला त्या दिवशी मी किती वेड्यासारखी स्कूटर चालवली! डोळ्यांतून पाणी, नाक बधिर, दोन्ही बाजूंना बागांवर गारठा पसरलेला, आणि मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने तीन मागण्या म्हणत चाललेली. राग होता. पण रागापेक्षा काहीतरी हलकं, उडणारं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं म्हणणं होतं ज्याला कुणी 'हे तुझं मत झालं' म्हणू शकणार नव्हतं.

पॅकहाउसमध्ये बाया क्रेट धुत होत्या. सोमवारपासून माल यायचा होता आणि सोमवारीच कोल्ड रूम चालू व्हायची होती. आक्का नळीने पाणी मारत मधोमध उभी. आवाज असा की नळी नसती तरी क्रेट धुतले गेले असते.

"आक्का, तो खटका कशाने तुटला?"

"कशानं म्हंजे? माझ्यानं!" ती म्हणाली. "मागल्या सीझनला आत गेले, दार मागून लागलं. खटका दाबला तर निम्मा हातात आला. मग काय, बुक्क्या मारल्या, शिव्या दिल्या. थंडीचं मशीन बंद होतं म्हणून यांना ऐकू तरी गेलं."

"ऐकू गेलं म्हंजे!" एक बाई म्हणाली. "कसल्या शिव्या हो मॅडम. आम्ही दार उघडायच्या आधी थोडं ऐकून घेतलं."

सगळ्या हसल्या, आक्का सगळ्यांत मोठ्याने. मग तिने नळी बंद केली.

"मशीन चालू असतं तर ऐकू नसतं गेलं," ती म्हणाली. "सोमवारी चालू होतंय. मोबाइलमधी हिरवं दिसतंय म्हणून मी गप बसले. लागंल ना सोमवारच्या आत?"

मी सांगितलं की लागणार नाही. का लागणार नाही तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकाच दमात दोन्ही संचालकांना फोन करून बोलावलं. दोघांना तिने काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण दोघंही जेवण सोडून आले.

मी लॅपटॉप उघडून त्यांना लाल पडदा दाखवला. आबा म्हणाले, "मशीन बिघडलंय." अण्णा म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय की मॅडम." पडदा बघून कुणाला काही वाटत नाही हे माझ्या लक्षात आलं. मग मी खडू मागितला आणि ओल्या न झालेल्या फरशीवर सबंध चित्र काढलं, गोल हंड्याएवढे, चौकोन सतरंजीएवढे. एकेका चौकोनात एकेक बाई उभी केली. मण्यांसाठी द्राक्षं होतीच, साखर उतरली का बघायला बागेतून आणलेली. सुरुवातीच्या गोलात मी एक मणी ठेवला.

"आपल्याकडे येणाऱ्या गोलात मणी आला तरच उचलायचा, आणि पुढच्या गोलात ठेवायचा. दोन गोल येत असतील तर दोन्हीत मणी पाहिजे. बाकी काही करायचं नाही."

"आणि बोलायचं?" आक्काने विचारलं.

"बोला."

अर्ज करणारी आक्का स्वतः. तिने मणी पुढे सरकवला. स्टोअरचे भाऊ कंबर धरून वाकले, मणी पुढे गेला. खर्चाचा अंदाज लावणारी जी बाई होती तिने मणी उचलला आणि तोंडात टाकला.

"अगं!" मी ओरडले. "अर्ज खाल्लास!"

"आंबट हाय अजून," ती म्हणाली.

पुन्हा पहिल्यापासून. आता अंदाजापुढे दोन गोल, एक आबांकडे जाणारा, एक अण्णांकडे, दोन्हींत मणी ठेवला. आबा त्यांच्या चौकोनात, अण्णा त्यांच्या. आबांच्या चौकोनाकडे आणखी एक गोल येत होता, अण्णांची सही झाली की ज्यात मणी पडेल असा. अण्णांच्या चौकोनाकडेही तसाच एक, आबांच्या सहीचा. ते दोन्ही रिकामे.

दोघं समोरासमोर उभे राहिले. आम्ही थांबलो.

"आबा, उचला ना," कुणीतरी म्हणालं.

"तिकडून येऊ दे आधी. माझी शेवटची."

"अण्णा?"

"तिकडून येऊ द्या. मला घाई नाय."

चावी गरगर फिरली. आबांनी मफलर सारखा केला. बायांना आता हसू आवरेना. एक जण खाली बसलीच. "दोन बैल दावणीला बांधल्यागत उभे हायेत," आक्का म्हणाली, आणि यावर अण्णासुद्धा हसले, मग आबा हसतायत हे बघून गंभीर झाले.

"अण्णानं आज आधी करावी," आबा म्हणाले. "काय बिघडतंय?"

"तुमी करा की. हात दुखतो का?"

"हात नाय दुखत. गाव दुखतं. वरच्या गावाला काय सांगू?"

"आन मी खालच्या गावाला?"

इथे मला वाटलं, आपली वेळ आली. मी एका क्रेटवर चढले आणि भाषण केलं. आईचं रक्त. कष्टकऱ्याच्या जिवाची किंमत तुमच्या मानापेक्षा कमी आहे का, असं सुरू केलं, आणि कुठल्या कुठे गेले. बाया मान डोलवत होत्या. आबांनी डोळे पुसले. अण्णा म्हणाले, "लय भारी बोलता मॅडम, अगदी खरंय." टाळ्या झाल्या. मी क्रेटवरून उतरले, आणि दोघंही होते तिथेच उभे होते. एक मणीही हलला नव्हता.

ते बघून मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण मला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. माझं अख्खं भाषण त्या दोघांनी मनापासून मान्य केलं होतं! शब्दन् शब्द! आणि चित्र आहे तसंच होतं.

"हसतेस काय, पोरी," आक्का म्हणाली. "यांच्या मानापायी मी आत गोठू का?"

"त्याची शेवटची नसंल," आबा हळूच म्हणाले, "तर माझी नसली तरी चालंल मला."

"मलाबी," अण्णा म्हणाले. "आबांची नाय ना, मग माझी नसू द्या."

माझ्या डोक्यात काहीतरी सरळ झालं.

"मग शेवटची सही जिने अर्ज केलाय तिची ठेवू," मी म्हटलं. "तुमच्या दोघांच्या सह्या कुठल्याही क्रमाने होऊ देत, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. दोन्ही झाल्या की काम. काम झालं की आक्का बघणार, आणि झालं म्हणून सही तीच करणार. ती नाही म्हणाली तर काम परत फिटरकडे."

आबांनी अण्णांकडे पाहिलं. "म्हंजे याची शेवटची नाय?"

"नाही."

"आन यांची?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

"मग चालतंय," दोघंही म्हणाले, जवळपास एकदम.

आमच्या घरातल्या एकाही पत्रकात असा विजय मी वाचलेला नाही. एका पॅकिंगच्या बाईला दोन गावांच्या पुढाऱ्यांच्या नंतर, शेवटची सही मिळाली होती, आणि ती कुणाच्या हृदयपरिवर्तनाने नाही तर एकमेकांवर मात होऊ नये म्हणून. मला यावर थोडं नाराज व्हायचं होतं. तत्त्व म्हणून. पण आक्का दोन्ही हात कमरेवर ठेवून चौकोनात अशी उभी होती, जणू तो चौकोन तिच्या नावावर झालाय, आणि मला नाराज होता आलं नाही.

क्रेटांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून मी तिथेच चित्र बदललं आणि तपासणी लावली. सगळे माझ्या मागे गोळा झाले, कुणाचा तरी ओला पदर माझ्या मानेला लागत होता. पडदा पुन्हा लाल.

"आता काय!" आक्का म्हणाली.

वाट वाचली. आक्काने नकार दिला की काम फिटरकडे जात होतं, पण घाईत मी त्याच वेळी एक मणी आबांच्या दारातही टाकला होता. शेवटी सगळं संपल्यावर तो तिथेच पडून राहायचा. दुसरी मागणी.

"म्हंजे मी उगाच बसून राहिलो असतो?" आबा म्हणाले.

"हो. सगळं संपल्यावरही."

"बरं झालं बघितलं." ते मशीनकडे जरा आदराने बघायला लागले.

ती रेघ पुसली. पुन्हा लावली. हिरवा! सगळ्या वाटा चालून झाल्या, एकही अडकत नाही, काही मागे उरत नाही, एकही काम फुकट नाही. मी भाऊंना मिठी मारली, ते बिचारे घाबरले. मी सरांना फोन लावला आणि म्हटलं, "सर, मॉडेल तपासले, योग्य आढळले!" पलीकडून ते म्हणाले, "मी हेच सांगत होतो ना सकाळपासून?"

बदललेलं चित्र मोबाइलवर चढायला थोडा वेळ लागला. चढल्याबरोबर एक नवीनच गंमत. शेवटची सही गेली म्हटल्यावर दोघांनाही आता पहिली हवी झाली. आबा चष्मा शोधतायत, अण्णा पासवर्ड विसरलेत, दोघंही घाईघाईने बोटं मारतायत. कुणाची आधी झाली हे मी बघितलं नाही. मशीनलाही त्याचं काही नव्हतं.

फिटर अंबडहून रविवारी आला. मीही गेले, आणि सरही आले, इस्त्रीच्या शर्टात. फिटरने नवा खटका बसवला, हात पुसले आणि मोबाइल आक्कापुढे धरला. "करा सही."

"थांब," आक्का म्हणाली. ती आत गेली. "लावा दार. आन मशीन चालू करा."

दार लागलं. मशीन घरघरायला लागलं आणि खरंच, आतलं काहीही ऐकू येईना. बाया दाराजवळ सरकल्या. अण्णांची चावी थांबलेली. मग खट् असा आवाज झाला, दार उघडलं आणि गार वाफेत आक्का बाहेर आली.

"आता सही?" फिटर म्हणाला.

"मी उंच हाय," ती म्हणाली. "हिला जमतंय का बघू." तिने जी सगळ्यांत बुटकी होती तिला आत पाठवलं. दार लागलं. आम्ही थांबलो. बराच वेळ खट् झालं नाही. आक्कानेच बाहेरून उघडलं. आत ती पंजांवर उभी राहून दोन्ही हातांनी खटका रेटत होती; हात पोचत होता, जोर लागत नव्हता.

आक्काने मोबाइलवर 'नाही' दाबलं. ठामपणे, अंगठ्याने. काम फिटरकडे परत गेलं. तो माझ्या अगदी शेजारी उभा होता, तरी त्याच्या खिशातला फोन वाजला, आणि मला त्या आवाजाने इतका आनंद झाला की मी सरांचा दंड घट्ट धरला. फिटर कुरकुरत खटका खाली घेऊन, स्प्रिंग ढिली करून पुन्हा बसवेपर्यंत चहा झाला.

मग एकेक बाई आत गेली आणि एकेक बाहेर आली. प्रत्येक खट् ला बाया ओरडायच्या. सर गेले, आले, शर्टाची इस्त्री तशीच. आबा आणि अण्णांना आक्काने एकदमच आत ढकललं, आणि त्यांना यायला जरा वेळ लागला; बाहेर आल्यावर कुणी दाबला ते दोघांनीही सांगितलं नाही. शेवटी मी गेले. दार लागलं तसा अंधार, नाकात फोमचा आणि गारठ्याचा वास, कानात नुसतं मशीन. मी थोडा वेळ मुद्दाम थांबले. मागच्या सीझनला आक्का इथे, असाच अंधार असताना, निम्मा खटका हातात घेऊन उभी होती. मग चाचपडत हात पुढे केला, गोल थंड खटका तळव्याला लागला, मी रेटला आणि उजेड, गलका, आणि कुणीतरी माझ्या पाठीत घातलेला धपाटा.

आक्काने बोटाने सही केली. चौकटीत मावली नाही, बाहेर गेली. पडद्यावर 'काम पूर्ण' आलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"आता मी अजून टाकू शकते?"

"टाका ना, कितीही टाका."

तिने लगेच नवा अर्ज उघडला आणि मोठ्याने बोलत टाइप करायला लागली. पॅकिंगच्या बाया दिवसभर उभ्या असतात. बसायला स्टुलं द्यावीत. सगळ्यांना.

अर्ज गेला, भाऊंनी तिथेच पाहिला, खर्चाचा अंदाज जोडला गेला. आबा आणि अण्णा दोघंही दाराकडे निघाले होते. दोघांचे फोन एकाच वेळी वाजले.